निवडीचं चित्र कसं काढावं (फुली न मारता)

वर्गात मुलांशी बोलायला म्हणून जी चित्रांची कार्डं काढतो, त्यांतलं निवडीचं चित्र म्हणजे ‘करू की नको’ अशा क्षणी उभं असलेलं मूल. कागद आणलाय, वयोगट ठरलाय, शिक्षकांशी बोलून झालंय, असं धरूनच चालते. सहा ते आठ वर्षांची मुलं डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितेय.

आधी प्रसंग निवडा, पण मुलाला खरंच मोह पडेल असा. ‘दात घासावेत का?’ यात कसला मोह? माझा आवडता प्रसंग संक्रांतीतला: कटलेला पतंग रस्त्यापलीकडे उतरतोय, पोरगं अलीकडे उभं आहे आणि मधून मोटरसायकल येतेय.

आता अवघड भाग. दुकानात मिळणारे ‘चांगल्या सवयी, वाईट सवयी’चे तक्ते आठवा. एकीकडे भांग पाडलेला गुणी बाळ, दुसरीकडे विस्कटलेला द्वाड आणि त्याच्यावर लाल फुली. मीही कित्येक वर्षं हेच काढलं. एकदा कुत्र्याला दगड मारणारा मुलगा काढून वर फुली मारली आणि ते कार्ड दुसरीच्या वर्गात दाखवलं. एक पोरगा म्हणाला, “फुली म्हणजे ह्याचा नेम चुकला.” त्याचं काय चुकलं? चित्रात दगड मारणंच चालू होतं. फुली ही मोठ्यांची, वहीतली खूण. ती चित्रातली गोष्ट थांबवत नाही.

म्हणून कृती झाल्यानंतरचा क्षण काढू नका, त्याच्या आधीचा काढा. पाय पतंगाकडे वळलेले, एक टाच उचललेली, मान मात्र मोटरसायकलच्या बाजूला. दोन्ही ओढी एकाच शरीरात दिसल्या पाहिजेत. हे मला जमायला वेळ लागला, कारण मी चेहऱ्यापासून सुरुवात करायचे आणि चेहरा आधीच अपराधी होऊन बसायचा. आधी पाय, मग खांदे, मग नजर. भुवया सगळ्यात शेवटी.

मोहाची वस्तू फिकट काढा, म्हणजे मुलं तिकडे बघणार नाहीत, असा सल्ला मिळेल. ऐकू नका. पतंग चित्रातली सर्वांत देखणी गोष्ट हवी, नाहीतर निवडायचं काय? मोटरसायकलही खरोखर जवळ आणि मोठी हवी. सगळं मुलाच्या उंचीवरून काढा, आणि बोट उगारलेली बाई किंवा गुरुजी चौकटीत घालू नका. ते आले की मुलं रस्त्याकडे बघायची सोडून त्यांच्याकडेच बघतात.

पुढच्या दोन कार्डांवर दोन शेवट येतील: थांबला तर काय, धावला तर काय. दोन्हींत मुलगा तोच, सदरा तोच. इथे माझी एक लाजिरवाणी चूक सांगते. बारा कार्डांचा संच पूर्ण केल्यावर एका शिक्षिकेने विचारलं, “ताई, तुमची वाईट वागणारी सगळी मुलं काळी कशी?” तपासलं, तर खरंच तसं होतं, शिवाय दोघांचे कपडेही फाटके. मुद्दाम केलं नव्हतं, हात आपोआप तसा गेला होता. संच पुन्हा काढला. तुमचाही हात जाईल, तेव्हा सगळी कार्डं जमिनीवर मांडून एकदा बघाच.

धावणारा प्रत्येक जण गाडीखाली जातो असंही दाखवू नका. मुलांनी धावून पतंग पकडलेले असतात, त्यामुळे थाप लगेच ओळखतात. मी करकचून ब्रेक दाबलेली मोटरसायकल, घाबरलेला चालक आणि चाकाखाली फाटलेला पतंग काढते. तेवढ्याने वर्गात बोलणं सुरू होतं.

रंग हवे ते भरा.

मजकूर घालण्याआधी नुसतं चित्र पाच-सहा मुलांना दाखवा आणि विचारा, “काय चाललंय?” “कोण बरोबर?” असं विचारलंत, तर तुम्हाला काय ऐकायचंय ते ओळखून मुलं तेच सांगतील. मोटरसायकल कुणालाच दिसली नाही, तर चित्र पुन्हा काढा, खाली ओळ लिहून सावरू नका.

छपाईआधी काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा. शाळेत बहुधा तीच वाटली जाते आणि तिच्यात लाल-हिरवं दोन्ही करडंच होतं. उर्दू माध्यमासाठी संच करत असाल तर कार्डांचा क्रम उजवीकडून डावीकडे लावा, पण चित्रं आरशासारखी उलटवू नका. मी उलटवली होती; सगळी वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने धावायला लागली.