खोगीर आणायला एकिनला जाताय? या चुका टाळा

अटलांटाहून आय-20 ने पूर्वेला निघालं, ऑगस्टा मागे टाकून सव्हाना नदी ओलांडली की साउथ कॅरोलायना लागतं. तिथून अर्ध्या तासावर एकिन, घोड्यांचं गाव. लेक घोडेस्वारी शिकायला लागली तेव्हापासून आमच्या तिथे चार फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन फेऱ्यांत इतके घोळ घातले की बरोबरच्या मैत्रिणी अजून विचारतात, "एकिनचं पुढे काय झालं?" म्हणून हे लिहितेय.

पहिला घोळ तारखेचा. आम्ही गेलो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. शेजारच्या ऑगस्टामध्ये तेव्हा मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा असते आणि पार एकिनपर्यंतची हॉटेलं भरून जातात. खोलीचं भाडं ऐकून हे म्हणाले, "एवढ्यात घोडाच येईल." (येत नाही. पण जवळपास.) मार्चमध्येही सांभाळून, कारण तेव्हा शर्यतींचे शनिवार असतात. उन्हाळ्यात उलट गाव सुस्त असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून उत्तरेतली श्रीमंत मंडळी थंडी टाळायला घोड्यांसकट इथे यायची. इथली जमीन वाळूची, गोठून टणक होत नाही, खुरांना मऊ लागते. त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल हाच इथला खरा हंगाम. त्यातही खरेदी शनिवारी करावी. रविवारी नि सोमवारी बंद राहणारी दुकानं असतात, म्हणून आधी फोन करावा. रविवारची दुपार पोलोला ठेवा. व्हिटनी फील्डवर 1882 पासून पोलो खेळला जातो, वसंतात आणि शरदात. टाचांचे बूट घालून जाऊ नका. मध्यंतरात प्रेक्षक मैदानात उतरून खुरांनी उखडलेले गवताचे ढेप पायाने दाबून बसवतात, आणि टाच तिथेच रुतून बसते.

दुसरा घोळ रस्त्यावरचा. घोड्यांच्या वस्तीतले रस्ते तिथे मुद्दाम कच्चे ठेवलेत. पुण्याहून आलेले भाऊजी गाडी चालवत होते. समोर दोन घोडी दिसताच त्यांनी सवयीने हॉर्न दिला. एक घोडी बुजून झर्रकन आडवी वळली. वरच्या बाईंनी तिला सावरलं आणि आमच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढं पुरलं. घोडं दिसलं की गाडी माणसाच्या चालीवर आणायची, भरपूर अंतर सोडून पुढे जायचं, जनावर बुजलेलं वाटलं तर थांबायचं. हिचकॉक वूड्समध्येही तसंच. साधारण 2,100 एकरांचं हे जंगल गावाला अगदी लागून आहे. आत सायकलीही चालत नाहीत, फक्त पायी किंवा घोड्यावर. घोडं आलं तर झाडामागे लपू नका. दिसेल असं बाजूला उभं राहा आणि स्वाराशी दोन शब्द बोला. आवाज ऐकला की घोड्याला कळतं, हा माणूस आहे.

आता दुकान. इथंच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

आधी एक गैरसमज: एकिन काउबॉयचं गाव नाही. इथे बहुतेक इंग्लिश पद्धतीची स्वारी, म्हणजे पोलो, अडथळ्यांवरून उड्या, ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेणं). पुढे मूठ असलेलं वेस्टर्न खोगीर हवं असेल तर दुसरीकडे बघा.

खोगिराची दोन मापं असतात. बैठकीचं माप इंचांत, साडेसोळा, सतरा वगैरे, ते स्वाराचं. आतल्या सांगाड्याची रुंदी मात्र घोड्याची. आम्ही लेकीला दुकानात पाच खोगिरांवर बसवून बघितलं, आणि ज्याच्या पाठीवर ते चढायचं त्या घोड्याचं माप घरी! दुकानदारीणबाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. आता आम्ही वाकवता येणारी पट्टी घेऊन जातो. घोड्याच्या खांद्याच्या हाडामागे पाठीवर ती दाबून बसवायची, आकार न मोडता पुठ्ठ्यावर ठेवायची, पेन्सिलीने रेघ मारायची. तो पुठ्ठा दुकानात दाखवला की निम्मी खोगिरं तिथेच बाद होतात.

जुनं खोगीर घेत असाल तर सांगाडा मोडलेला नाही ना, हे आधी बघा. पुढचा भाग मांडीवर टेकवून मागचा काठ आपल्याकडे खेचायचा. मधेच कुरकुरलं, बैठकीवर आडवी सुरकुती पडली, तर खाली ठेवा, कितीही स्वस्त असू दे. तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, अडकवायच्या पट्ट्यांची भोकं लांबट झालीत का? चामडं वाकवल्यावर भेगा दिसतात का? मग खोगीर उलटं करून खालच्या गाद्या चाचपायच्या. आत बहुधा लोकर भरलेली असते, तिचे गोळे झाले की घोड्याच्या पाठीला टोचतात. खोगीरभरती हा शब्द मी आयुष्यभर शिवीसारखा वापरला. भरती बिघडली की घोडं पाऊल टाकायला नकार देतं, हे तिथे कळलं. आणि स्वस्तातल्या एखाद्या खोगिरावर 'मेड इन इंडिया' दिसलं तर चकित होऊ नका. कानपूरची खोगिरं जगभर जातात.

बरीच दुकानं खोगीर काही दिवस घरी न्यायला देतात, कार्डाचा नंबर ठेवून घेऊन. अट एकच, डाग पडता कामा नये. आम्ही रिकिबीच्या पट्ट्या तशाच लावल्या. दोन दिवसांत खोगिरावर वळ उठले आणि न आवडलेलं खोगीर आमचं झालं. नंतर कुणीतरी सांगितलं, पट्ट्यांवर जुने लांब मोजे चढवायचे. वरातीमागून घोडं.

हेल्मेट मात्र जुनं कधीही घेऊ नका. आत बसलेला मार बाहेरून दिसत नाही. आत एएसटीएम एफ-1163 आणि एसईआय ही सुरक्षा-चाचणीची खूण बघा. ते घालून बघताना केसांची रोजची वेणी असू द्या. वर अंबाडा बांधून माप घेतलं तर वेणीवर ते डगडगतं. उंच बूट नवे असताना गुडघ्यामागे थोडे टोचायलाच हवेत. घोट्याला घड्या पडल्या की ते इंचभर खाली बसतात.

एवढ्यात भूक लागते, आणि दुपारी तीनला गावातली काही स्वयंपाकघरं बंद असतात. जेवायला अडीचच्या आत बसा, रात्रीसाठी टेबल सांगून ठेवा. शाकाहारी असाल तर 'यात मांस आहे का' असं विचारू नका. 'नाही' असंच उत्तर येतं, कारण डुकराचं हाड तिथे चवीपुरतं धरतात. 'कशात शिजवलंय' असं विचारा. कॉलर्डची पालेभाजी, घेवड्याच्या शेंगा, सगळ्यांत ते असू शकतं. बिस्किटांवरची (तिथे बिस्किट म्हणजे मऊ पाव) पांढरी ग्रेव्ही सासूबाईंना कढी वाटली होती, आत सॉसेज निघालं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, त्या खुशाल मागवा, फक्त कोळंबी नको म्हणून सांगा. चहा 'अनस्वीट' मागा, नाहीतर पाक येतो.

परतीच्या वाटेवर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. 2006 पासून हे साउथ कॅरोलायनाचं अधिकृत खाणं आहे. मिठाच्या पाण्यात तासन्‌तास उकळलेल्या, आपल्यापेक्षा मऊ. गरम पिशवी हातात देतात आणि तिचं बूड दहा मिनिटांत ओलं होतं. ती मागच्या सीटवर नव्या चामड्यावर ठेवू नका. आमच्या खोगिराला डाव्या बाजूला पिशवीच्या बुडाएवढा गोल डाग आहे.