सुरीला धार: बाजू बदलायची घाई करू नका

घरच्या स्वयंपाकाला दोन सुऱ्या पुरतात. एक १८ ते २० सेंटिमीटर पात्याची, दुसरी ८ ते १० सेंटिमीटरची. फार तर ब्रेडसाठी एक दातेरी. लाकडी ठोकळ्यासकट मिळणाऱ्या डझनभर सुऱ्यांच्या संचातल्याही शेवटी याच वापरल्या जातात, बाकीच्या धूळ खातात.

विकत घेताना नव्या धारेवर भुलू नका, ती जाणारच आहे. पातं धारेकडे किती पातळ होत गेलंय ते बघा. जाड पात्याची सुरी कितीही पाजळली तरी कापण्याऐवजी फाडतेच. पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापात दिलेला असतो. ५६-५८ चं पोलाद चिवट असतं. त्याची धार लवकर उतरते, पण लावायलाही सोपी. ६० च्या पुढचं धार जास्त टिकवतं, मात्र हाडावर किंवा गोठलेल्या पदार्थावर चालवलं की टवका उडतो. पहिल्यांदाच घेत असाल तर चिवट घ्या. कार्बन स्टील उत्तम, पण वापरल्यावर लगेच धुऊन पुसायचा कंटाळा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. सिरॅमिक सुरीला घरच्या साध्या दगडावर धार लागत नाही.

आता धार. खाचेतून सुरी ओढायची ती छोटी यंत्रं आधी बाजूला ठेवा. ती धातू ओरबाडून काढतात, कोन आपलाच लादतात आणि मागे खडबडीत कड ठेवतात. धार लावायचा १००० ग्रिटचा एक दगड घ्या. ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा; आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. टवके उडाले असतील तरच ४०० चा लागेल. ३००० च्या पुढचे हौसेचे. दगड भिजवायच्या प्रकारातला असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा, मग ओल्या फडक्यावर घट्ट बसवा.

कोनावरून लोक उगाच घाबरतात. दर बाजूला १५ ते २० अंश, एवढंच. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण १२ ते १५ मिलिमीटर वर राहते. अंदाज येत नसेल तर धारेच्या कडेला मार्कर फासा आणि चार-पाच हलके हात मारा. शाई वरच्या अंगाला गेली तर पाठ फार खाली आहे, अगदी टोकाशीच गेली तर फार वर. कोन एका अंशाने इकडेतिकडे झाला म्हणून बिघडत नाही. तो दर हाताला बदलत राहिला की बिघडतं.

खरी गोम पुढे आहे, आणि माझं घोडं बरेच दिवस इथेच अडलं होतं. 'या बाजूला दहा हात, त्या बाजूला दहा हात' हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो विसरा. दगडाला आकडे कळत नाहीत. एकाच बाजूला घासत राहायचं, पलीकडच्या बाजूला बर येईपर्यंत. बर म्हणजे धारेवरून पलीकडे वळलेला धातूचा अगदी बारीक काठ. तो आला याचा अर्थ दगड धारेच्या टोकापर्यंत पोचला. आला नाही तर तुम्ही नुसतं पातं चकचकीत करताय.

बर तपासताना अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा, हलकेच न्यायचा. धारेच्या लांबीने कधीही नाही, नाहीतर पट्टी बांधावी लागेल. खरखर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मधे लागते आणि दोन्ही टोकांना लागत नाही, हे नेहमीचंच. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ थोडी उचलावी लागते, आणि मुठीजवळचा भाग सगळेच विसरतात. तिथे पुन्हा घासा. बर सलग झाली की मगच बाजू बदला आणि दुसरीकडूनही तशीच आणा. दगडावर साठणारा राखाडी चिखल धुऊ नका, तो कामाचा आहे.

यानंतर बर काढायची. सुरीला धार लागल्यासारखी वाटते आणि पुढच्याच दिवशी बोथट होते, त्याचं कारण बहुतेकदा ही राहून गेलेली बर असते. दाब जवळजवळ शून्यावर आणा. सुरीचं स्वतःचं वजन पुरे. धार पुढे ठेवून एक हात या बाजूला, एक त्या बाजूला, अंगठ्याला खरखर लागेनाशी होईपर्यंत. मग सैल धरलेला कागद कापा. जिथे अडकेल तिथे बर उरली आहे किंवा धार आलेलीच नाही.

दगड मधोमध खोलगट झाला की पेन्सिलने त्यावर चौकटी आखा आणि काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर रेघा पुसल्या जाईपर्यंत घासा.

पोलादी कांडी मुख्यतः वाकलेली धार सरळ करते. बोथट सुरीला ती नवी धार देत नाही. दातेरी सुरी सपाट दगडावर घासू नका.

कापायला लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पाट. काच, दगड आणि स्टीलच्या पृष्ठभागावर धार मरते. चिरलेलं गोळा करताना पातं उलटं करून पाठीने ओढा. डिशवॉशर नको. सुऱ्या खणात मोकळ्या टाकू नका, एकमेकींवर आपटून धार जाते आणि हातही कापतो. पात्याला म्यान घाला किंवा भिंतीवर चुंबकी पट्टी लावा. पट्टीला लावताना आधी पाठ टेकवायची, काढताना आधी धार सोडवायची.