एक इमेज, अनेक साइट : ईआरपीनेक्स्ट डॉकरवर चालवायला शिकताना

ईआरपीनेक्स्ट (धंद्याचे हिशोब, साठा, विक्री सांभाळणारं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर) पहिल्यांदा डॉकरवर, म्हणजे सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या सुट्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनावर, चढवणाऱ्याची पहिली अडचण जवळजवळ ठरलेली असते. सगळे कंटेनर चालू दिसतात, पण ब्राउझरमध्ये उघडलं की पानावर एवढंच येतं : 'लोकलहोस्ट डझ नॉट एक्झिस्ट'. मग पोर्ट तपासून होतो, फायरवॉल तपासून होतो, इमेज (ज्यावरून कंटेनर उठतात तो कोडचा तयार साचा) पुन्हा उतरवून होते. बिघाड यातल्या कशातच नसतो.

एकाच इन्स्टॉलेशनमध्ये अनेक ग्राहकांच्या साइट असतात, त्यामुळे आलेली रिक्वेस्ट कोणाची हे आधी ठरवावं लागतं. ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क हे होस्ट हेडरवरून, म्हणजे ब्राउझरने रिक्वेस्टसोबत पाठवलेल्या साइटच्या नावावरून, ठरवतं. त्या नावाचा फोल्डर साइट्स डिरेक्टरीत शोधायचा, त्यातल्या साइट कॉन्फिग फाइलमधून डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड उचलायचा आणि जोडणी करायची, एवढंच ते करतं. तुम्ही 'लोकलहोस्ट' टाइप केलंत आणि त्या नावाचा फोल्डर नाही, म्हणून साइट नाही. कर्लला (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) होस्ट हेडर हाताने देऊन बघा, मिनिटभरात खात्री पटेल. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये साइटचं नाव पक्कं करून टाकायचा सोपा उपाय बरेच जण सुचवतात. एकच साइट असेल तर तो ठीक आहे. दुसरा ग्राहक आला की मात्र त्याच्या डोमेनवर पहिल्याचं लॉगिन पान उघडेल.

अनेक ग्राहकांचा डेटा वेगळा कसा ठेवायचा हे नोकरीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात : दर ग्राहकाला वेगळा डेटाबेस ही एक पद्धत, सगळ्यांचे रेकॉर्ड एकाच टेबलात ठेवून टेनंट आयडीने (ग्राहकाच्या क्रमांकाने) वेगळे करायचे ही दुसरी. फ्रॅपे पहिल्या पद्धतीचं आहे. दुसऱ्या पद्धतीत पोस्टग्रेस डेटाबेसची रो-लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम) कामी येते, ती ९.५ आवृत्तीपासून आहे. पण टेबलाच्या मालक-युजरला तिचे नियम आपोआप लागू होत नाहीत, ते वेगळं सक्तीने लावावं लागतं. अ‍ॅप्लिकेशन त्याच युजरने जोडलेलं असेल तर पॉलिसी लिहूनही सगळ्यांचं सगळं दिसत राहतं. हे सांगता आलं तर समोरचा पुढचे प्रश्न जरा आदराने विचारतो.

माझ्या मते खरं शिकायचं ते हे, की कोणती गोष्ट कुठे राहते. कोड इमेजमध्ये, साइटचे फोल्डर व्हॉल्यूममध्ये (कंटेनर पुसला तरी टिकणारी साठवणीची जागा), व्यवहार डेटाबेसमध्ये. नव्या लोकांच्या बहुतेक तक्रारी या तिघांची गल्लत झाल्याच्या असतात.

उदाहरण घ्या. ग्राहकाला एक जादा अ‍ॅप हवं असतं. बॅकएंड कंटेनरच्या आत शिरून फ्रॅपेच्या बेंच या कमांडने 'बेंच गेट-अ‍ॅप' चालवलं, साइटवर इन्स्टॉल केलं, मेनू दिसायला लागला, सगळे खूश. पण बॅकएंड, शेड्यूलर (ठरल्या वेळी कामं लावणारा) आणि क्यूचे वर्कर (रांगेतली कामं मागे उरकणारे) हे एकाच इमेजवरून उठलेले वेगवेगळे कंटेनर आहेत. अ‍ॅपचा कोड फक्त एकाच्या पोटात गेला. त्यामुळे स्क्रीन चालते आणि बॅकग्राउंड जॉब 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणत पडतात. पुढे कधीतरी कंटेनर नव्याने तयार होतो, तेव्हा साइटच उघडत नाही, कारण अ‍ॅप इन्स्टॉल आहे असं डेटाबेस म्हणतो आणि कोड कुठेच नसतो. अ‍ॅप हवं तर त्याच्यासकट स्वतःची इमेज बांधा, तिला नेमका टॅग (आवृत्तीची खूण) द्या ('लेटेस्ट' नको), आणि मग ते हव्या त्या साइटवरच इन्स्टॉल करा. इमेजमध्ये अ‍ॅप असलं म्हणून ते प्रत्येक ग्राहकाला दिसत नाही.

डेटाबेसच्या बाजूलाही असाच एक सापळा आहे. साइट तयार होताना मारियाडीबीत (साइटचा डेटा जिथे राहतो तो डेटाबेस सर्व्हर) तिचा युजर बनतो, आणि तो कोणत्या होस्टवरून आला तर चालेल हेही तिथेच ठरतं. ते कंटेनरच्या त्या वेळच्या आयपीवर बांधलं गेलं, तर कंटेनर बदलल्यावर 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. पासवर्ड बरोबर असतो, आणि माणूस तोच पुन्हापुन्हा तपासत बसतो.

बॅकअपबद्दल मी जरा कडक आहे. 'बेंच बॅकअप' फाइल ठेवतं ती साइटच्याच फोल्डरात, म्हणजे त्याच व्हॉल्यूममध्ये. सगळे कंटेनर एकत्र चालवणाऱ्या कंपोजच्या 'डॉकर कंपोज डाउन' या बंद करायच्या कमांडला '-v' लावलंत की व्हॉल्यूम गेला आणि बॅकअपही गेला. तो त्या मशीनच्या बाहेर गेल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका. आणि साइट कॉन्फिगमधली एन्क्रिप्शन की सोबत जपा. डेटाबेस नीट रिस्टोअर होतो, इनव्हॉइस सगळी दिसतात, पण ईमेल खात्यांचे साठवलेले पासवर्ड या कीशिवाय उलगडत नाहीत आणि पहिला मेल पाठवतानाच एरर येते.

अपग्रेडला सगळ्या साइट एकदम हलतात, कारण कोड एकच. नवी इमेज आली तरी प्रत्येक डेटाबेस 'मायग्रेट' होईपर्यंत, म्हणजे त्याची रचना नव्या कोडप्रमाणे बदलेपर्यंत, जुनाच असतो. छोट्या ग्राहकाचं पटकन उरकतं, मोठ्याचं रेंगाळतं. तेवढा वेळ मेंटेनन्स मोड लावा. आधीच्या टॅगवर इमेज मागे नेता येते, बदललेला डेटाबेस तसा मागे जात नाही. म्हणून मायग्रेटच्या आधीचा बॅकअप टाळायचा नाही. एखादा ग्राहक 'आम्हाला जुनीच आवृत्ती हवी' म्हणत असेल तर त्याचा कंटेनरसंच वेगळा काढा. एकाच संचात दोन आवृत्त्या बसवायची खटपट करू नका.

क्यू, म्हणजे बॅकग्राउंड कामांची रांग, हीही सगळ्यांची सामायिक असते. एकाने भलीमोठी एक्सेल आयात लावली की बाकीच्यांचे मेल मागे अडकतात. लांबलचक कामांच्या लाँग क्यूला वेगळा वर्कर द्या आणि प्रत्येक कंटेनरला मेमरीची मर्यादा घाला.

कुबरनेटीस (अनेक मशीनवर कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) आधी शिकू का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर नाही असंच असतं. एका मशीनवर कंपोजने खूप काम निघतं. आधी लॅपटॉपवर दोन साइट उभ्या करा, दोन्हीत वेगळी कंपनी भरा, एकीत ईमेल खातं जोडा. मग कंटेनर आणि व्हॉल्यूम सगळं पुसून फक्त बाहेर ठेवलेल्या बॅकअपवरून दोन्ही साइट दुसऱ्या मशीनवर उठवा आणि त्या खात्यावरून मेल जातो का बघा.