अपहार तपासणाऱ्यांसाठी परिषदा आणि प्रशिक्षण: निवड कशी करावी, उपयोग कसा करून घ्यावा

बँका, पतसंस्था, विमा कंपन्या आणि कारखाने यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण किंवा दक्षता विभागात काम करणाऱ्यांकडे परिषदांची आणि कार्यशाळांची निमंत्रणे वर्षभर येत असतात. ऑक्टोबरअखेरीस सरदार पटेल जयंतीच्या सुमारास केंद्रीय दक्षता आयोगाचा जागरूकता सप्ताह येतो आणि नोव्हेंबरात एसीएफई या फसवणूक तपासणाऱ्यांच्या जागतिक संघटनेचा फसवणूक जागृती सप्ताह, त्यामुळे त्या दिवसांत तर अशा कार्यक्रमांची गर्दीच होते. यांतल्या कशाला जावे आणि कशाला नकार द्यावा, हे ठरवताना एकच कसोटी पुरेशी आहे: या प्रशिक्षणामुळे आपल्या कार्यालयातली एखादी तरी तपासणी बदलणार आहे का? तशी शक्यता दिसत नसेल, तर कार्यक्रम कितीही नामांकित असला तरी तो सोडून द्यावा.

आधी आपल्या फाइली पाहाव्यात

निमंत्रणपत्रिका वाचण्यापूर्वी गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या संस्थेत उघडकीला आलेली प्रकरणे काढून बसावे. प्रत्येक प्रकरण कसे उघडकीला आले, ते किती काळ चालले आणि कोणत्या तपासणीच्या नजरेतून ते सुटले, एवढे तीन तपशील कागदावर मांडले की आपल्याला काय शिकण्याची गरज आहे ते बऱ्यापैकी स्पष्ट होते. एसीएफईच्या २०२४ च्या जागतिक अहवालात ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघड झाल्याची नोंद आहे, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक खबरी कर्मचाऱ्यांनीच दिलेल्या होत्या. आपल्या यादीत खबरीतून उघड झालेले एकही प्रकरण नसेल, तर आपल्याला विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरपेक्षा निनावी अर्जांची छाननी आणि तक्रारदाराचे संरक्षण या विषयांवरची कार्यशाळा अधिक हवी आहे. त्याचप्रमाणे, ज्या पतसंस्थेत सोनेतारण कर्जात मूल्यांकन करणाऱ्या सराफाच्याच संगनमताने बनावट दागिने ठेवले गेले, तिथल्या लेखापरीक्षकाने आभासी चलनावरच्या परिसंवादात दोन दिवस घालवण्यात फारसा अर्थ नाही.

कोणाकडे काय मिळते

एसीएफई ही संघटना १९८८ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय टेक्सासमधील ऑस्टिन येथे आहे. लेखापाल आणि एफबीआयचे माजी अधिकारी असलेले जोसेफ वेल्स हे तिचे संस्थापक. तिची सीएफई (प्रमाणित फसवणूक तपासनीस) ही पदवी मिळवलेल्यांना दरवर्षी २० तासांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, आणि त्यांतले किमान १० तास फसवणुकीचा शोध व प्रतिबंध यांवर, तर २ तास व्यावसायिक नीतीवर असावे लागतात. त्यामुळे सीएफई असलेल्यांनी शुल्क भरण्यापूर्वी हे तास कोणत्या गटात मोजले जातील ते आयोजकांकडून लेखी विचारून घ्यावे.

भारतात सनदी लेखापालांच्या संस्थेचा, म्हणजे आयसीएआयचा, न्यायवैद्यक लेखाशास्त्र (न्यायालयात टिकेल असा हिशेबांचा तपास) आणि फसवणूक शोध या विषयावरचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. याच संस्थेची न्यायवैद्यक लेखा व अन्वेषण मानके १ जुलै २०२३ पासून सभासदांना बंधनकारक झाली असल्याने, असा तपास हाती घेणाऱ्या सनदी लेखापालाला ती टाळून चालणार नाही. बँक कर्मचाऱ्यांसाठी मुंबईच्या आयआयबीएफ या बँकिंग परीक्षा घेणाऱ्या संस्थेची सायबर गुन्हे व फसवणूक व्यवस्थापन आणि केवायसी (ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी) या विषयांवरची प्रमाणपत्रे आहेत. ती घरी अभ्यास करून परीक्षेद्वारे मिळवता येतात, म्हणून शाखेतून रजा मिळणे कठीण असलेल्यांना सोयीची पडतात. पुण्यात कोंढव्याला एनआयबीएम ही बँक व्यवस्थापन संस्था बँक अधिकाऱ्यांसाठी, तर वैकुंठ मेहता संस्था सहकार क्षेत्रासाठी प्रशिक्षणवर्ग घेते. डिजिटल पुरावा हाताळण्याचे शास्त्र मुळापासून शिकायचे असेल, तर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे अभ्यासक्रम पाहावेत.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचावी

सत्राचे शीर्षक बाजूला ठेवून त्याखालचा तपशील वाचावा. ‘आव्हाने आणि संधी’ असे लिहिलेले असले की बहुधा आत काही नसते. ‘पुरवठादारांच्या यादीची जुळणी करून दाखवली जाईल’ असे लिहिले असेल, तर तिथे शिकण्यासारखे काही असण्याची शक्यता आहे. वक्ता एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीचा असेल आणि तीच कंपनी प्रायोजकही असेल, तर ते सत्र म्हणजे विक्रीचे निवेदन समजावे. ऐकायला हरकत नाही, पण प्रशिक्षणाच्या तासांत धरू नये.

गाजलेल्या प्रकरणावरचे सत्र असेल, तर ते कोणत्या अंगाने मांडले जाणार आहे ते पाहावे. मुंबईतल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेचे २०१८ मध्ये उघड झालेले प्रकरण घ्या. आरोपी हिरे व्यापारी परदेशात कुठे राहतात, त्यांचे हिरे किती किमतीचे, यात तासभर सहज निघून जातो. कामाची गोष्ट वेगळीच आहे: हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून परदेशी शाखांना जात होते, पण त्यांची नोंद बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत, म्हणजे सर्व खात्यांच्या मुख्य संगणकीय नोंदवहीत, होत नव्हती, म्हणून शाखेच्या पुस्तकांत ते दायित्व दिसतच नव्हते. या दोन यंत्रणांची जुळणी रोज कोणी करायची होती, हा प्रश्न जो वक्ता उभा करतो त्याच्या सत्राला जावे, कारण आपल्याही संस्थेत अशा न जुळवलेल्या दोन यंत्रणा कुठे ना कुठे असतात.

कायद्याच्या सत्राची पारख सोपी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले; इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदलली तर बदलणारा तिचा संगणकीय ठसा) नोंदवावे लागते. साहित्यात अजून केवळ जुन्या कायद्यांची कलमे ६५ ब (इलेक्ट्रॉनिक पुरावा) आणि ४२० (फसवणूक) एवढेच असेल, तर ते जुन्या वर्गाचे उरलेले साहित्य आहे असे समजावे. (आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू राहते, म्हणून चांगला शिक्षक दोन्ही समजावतो.) बँकांसाठीच्या सत्रात रिझर्व्ह बँकेचे १५ जुलै २०२४ चे फसवणूक व्यवस्थापनाचे निर्देश हवेतच. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२३ च्या निकालानंतर, खाते फसवणुकीचे म्हणून जाहीर करण्यापूर्वी संबंधितांना कारणे दाखवा नोटीस आणि उत्तरासाठी किमान २१ दिवस देणे त्यांत बंधनकारक केलेले आहे. नोटिशीचा मसुदा, पुराव्याची प्रत कशी द्यायची आणि कारणांसह आदेश कसा लिहायचा, हे करून घेणारी कार्यशाळा मिळाली तर इतर काहीही सोडून तिला जावे, कारण तपास उत्तम होऊनही प्रकरण न्यायालयात बहुधा इथेच अडते.

एका प्रकारापासून मात्र दूर राहावे. डोळ्यांच्या हालचालीवरून खोटे ओळखायला शिकवण्याचा दावा करणारी सत्रे लोकप्रिय असतात, पण या विषयावरच्या संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला असता माणसे खरे-खोटे ओळखण्यात सरासरी ५४ टक्केच बरोबर ठरतात, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा किंचित बरे. मुलाखतीचे प्रशिक्षण घ्यायचेच, तर प्रश्नांची क्रमवारी, कागदपत्र कोणत्या टप्प्यावर समोर ठेवायचे आणि जबाब कसा नोंदवायचा याचा प्रत्यक्ष सराव जिथे करून घेतात तिथे घ्यावे.

चांगले सत्र कसे असते, याचा एक नमुना

खरेदी विभागातल्या अपहारावरचे सत्र पुढच्या प्रकारचे असेल, तर पैसे वसूल झाले असे समजावे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०, पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यावसायिकाचा पॅन. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे, मालकाचा प्रकार सांगते. पी म्हणजे व्यक्ती आणि सी म्हणजे कंपनी. आता तीन दरपत्रके मागवून काम दिल्याचे दाखवणारी फाइल उघडावी आणि तिन्ही जीएसटी क्रमांकांतले पॅन शेजारी लिहावेत. दोन निरनिराळ्या नावांखाली एकच पॅन निघाला, तर स्पर्धा केवळ कागदावर होती. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे नाव छापलेल्या बिलावर सहावे अक्षर पी असेल, तर ती कंपनी नव्हेच. एकाच पॅनवर दोन राज्यांत नोंदणी असणे मात्र पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि घरातल्या दोघांच्या नावे वेगवेगळे पॅन घेतलेले असतील तर ही जुळणी काहीच पकडणार नाही. तिथे पत्ता, मोबाइल क्रमांक आणि बँक खाते कर्मचाऱ्यांच्या यादीशी ताडून पाहावे लागते. पद्धत आणि तिची मर्यादा ज्या सत्रात एकाच दमात सांगितली जाते, ते सत्र चांगले.

परवानगी, आणि तिथे गेल्यावर

वरिष्ठांकडे टिपण पाठवताना ‘ज्ञानवृद्धीसाठी’ असे लिहू नये. कोणत्या प्रकरणातली कोणती त्रुटी या सत्राशी जोडलेली आहे आणि परतल्यावर कोणती तपासणी सुरू करणार, हे दोन वाक्यांत लिहिले की मंजुरीही लवकर मिळते आणि आपल्यावरही बंधन येते.

परिषदेत चालू तपासाविषयी बोलू नये. चहाच्या वेळी तर मुळीच नाही. शेजारी उभे असलेले गृहस्थ त्याच कर्जदाराचे सल्लागार निघू शकतात. प्रश्न पद्धतीविषयी विचारावा, नाव घेऊ नये, कारण सिद्ध न झालेला संशय नावानिशी सांगणे बदनामीच्या कलमात जाऊ शकते. प्रदर्शनाच्या दालनात सॉफ्टवेअर वापरून पाहायचे असल्यास ग्राहकांची खरी माहिती कधीही देऊ नये. नावे आणि खाते क्रमांक बदललेला जुना नमुना सोबत न्यावा. आपल्याच शहरातल्या दुसऱ्या बँकांचे किंवा कंपन्यांचे तपास अधिकारी भेटले, तर त्यांच्याशी ओळख ठेवावी. पुढे एखाद्या प्रकरणात कोणत्या कार्यालयात, कोणत्या नमुन्यात तक्रार द्यायची, हे एका फोनवर कळते.

परतल्यानंतर

आठवडाभरात एक पानाचे टिपण लिहावे आणि त्यात एकच नवी तपासणी घ्यावी. ती आधी जुन्या, सिद्ध झालेल्या प्रकरणाच्या माहितीवर चालवून पाहावी. ते प्रकरणच तिने पकडले नाही, तर ती आपल्या कामाची नाही. पकडले, तर एका तिमाहीच्या सगळ्या व्यवहारांवर चालवावी. पहिल्या खेपेला तीनशे ओळी संशयास्पद निघाल्या तर घाबरू नये आणि त्या तशाच शाखांकडे पाठवूही नयेत, कारण शाखा ‘तपासले, बरोबर आहे’ असे एकगठ्ठा उत्तर देऊन मोकळ्या होतात. मर्यादा बदलून, रास्त कारण असलेल्या नोंदी वगळून ती यादी हाताने तपासता येईल इतकी लहान करावी, आणि वगळण्याचे प्रत्येक कारण लिहून ठेवावे. त्यानंतरच ती तपासणी लेखापरीक्षणाच्या वार्षिक कार्यक्रमात घ्यावी, आणि निघालेली प्रत्येक नोंद कोणी, कोणता कागद पाहून निकाली काढायची, ते पदनामासह तिथेच नमूद करावे.