आंब्याची नवी जात काढायला निघालात? या चुका टाळा

दोन आंब्यांचा संकर करायला थंडीतली एक सकाळ पुरते. त्यातून जात उभी राहायला पंधरा-वीस वर्षे जातात, आणि हौशी बागायतदार फसतो तो बहुधा त्या नंतरच्या वर्षांत. तरी सुरुवात मोहोरापासूनच केली पाहिजे, कारण तिथली एक चूक पुढची सगळी मेहनत खोटी पाडते.

बाप कोण ते ठाऊक नसणे

हापूसशेजारी रत्ना किंवा केसर लावलेला आहे, तेव्हा हापूसखालची कोय रुजवली की संकर तयार, असे धरून चालणारे बरेच भेटतात. मोहोरावर फिरणाऱ्या माश्या गडगा बघत नाहीत. पलीकडच्या परसातला रायवळ, वहाळाकाठची बिटकी, कोणाचाही पराग आलेला असू शकतो. अशा कोयीतून उत्तम झाड निघणारच नाही असे नाही. पण आईचे नाव सांगता येते, बापाचे नाही. आणि तोच संकर पुन्हा करायची वेळ आली की हात रिकामे राहतात.

बाप नक्की हवा असेल तर फुले हाताने धरावी लागतात. मोहोरात दोन तऱ्हेची फुले असतात: नुसती नर आणि द्विलिंगी. द्विलिंगी फुलाच्या मधोमध पिवळसर हिरवा बारीक गोळा दिसतो. तो नसेल तर त्या फुलावर वेळ घालवू नका. फळ त्यातून कधीच धरणार नाही. द्विलिंगी फुलात बहुतेक वेळा एकच परागकोश कामाचा असतो, गुलाबी-जांभळट रंगाचा. फूल पहाटे उमलते आणि ऊन वर आले की हा परागकोश फुटतो. म्हणून चहा-आंबोळी उरकून नऊ वाजता बागेत गेलेल्याने त्या दिवशी संकराचे नाव काढू नये. आदल्या संध्याकाळी फुगलेल्या कळ्या निवडा, बारीक चिमट्याने परागकोश काढा, त्या दांडीवरची आधी उमललेली आणि नर फुले खुडा आणि वर मलमलीची पिशवी चढवा. प्लॅस्टिकची पिशवी घातलीत तर आत वाफ कोंडून दोन दिवसांत मोहोर काळा पडेल. सकाळी बापाच्या झाडाचा नुकता फुटलेला परागकोश आईच्या फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकाला हलकेच टेकवायचा. शंभर फुलांमागे एक फळ तयार होईपर्यंत टिकले तरी वाईट नाही. आंब्यात गळच तेवढी असते.

संशोधन केंद्रांत एक कमी कष्टाची रीतही वापरतात: आई आणि बाप अशी दोन्ही कलमे जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवून आत माश्या सोडतात. ही रीत आई स्वतःच्या परागाने फळ धरत नसेल तेव्हाच भरवशाची.

आई निवडताना कोय न पाहणे

हापूस, पायरी, नीलम यांच्या कोयीतून एकच रोप येते आणि त्यात आई-बाप दोघांचा वाटा असतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओलूर, चंद्रकारन अशा काही जातींच्या कोयीतून मात्र दोन-तीन किंवा जास्त रोपे फुटतात, आणि त्यातली बहुतेक आईचीच हुबेहूब नक्कल असतात. खरा संकर त्या गर्दीतले एखादे रोप, तेही बहुधा किरकोळ. आपण सवयीने सगळ्यात जोमदार रोप राखतो, बाकीची उपटतो आणि आठ वर्षांनी आईचाच आंबा खातो. आई एका कोयीला एकच रोप देणारी घ्या. बाप कसाही चालतो.

कोयीबद्दल एवढेच की ती साठवू नका. फळ खाल्ल्यावर आठवड्याभरात पेरा, कवच जपून काढलेत तर रुजवा लवकर येतो आणि कोयकिडा आत बसलाय का तेही दिसते. पावसात रोपांच्या पिशव्या सखल जागी ठेवू नका.

दोन-चार रोपांवर समाधान मानणे

ज्याला माझे बाकी काही वाचायचे नसेल त्याने हे वाचावे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना काढला, तो १९८१ मध्ये प्रसारित झाला. साका (गरात कोयीलगत होणारे पांढरट भेंड) नाही, रेषा नाही, वाटीत कापून खावा असा आंबा. त्याच नीलम आणि हापूसच्या संकरातून कोकण रुची निघाली, आणि ती आहे लोणच्याची जात. आई तीच, बाप तोच. मग तुमच्या अंगणातली तीन रोपे नेमकी रत्नाच्याच बाजूला झुकतील असे कशावरून?

जागा नाही ही अडचण खरी आहे. पण रोपे पूर्ण अंतरावर लावायची गरज नसते. दीड-दोन मीटरवर दाट लावा, नापास होतील ती तोडत जा. तोडायला हात धजत नसेल तर हा नाद करू नये.

लाड करणे

संकरित रोप म्हटले की माणसे त्याला सावली करतात, ठिबक लावतात, दर पंधरवड्याला औषध मारतात. झाड जगते, पण ते का जगले ते कळत नाही.

अमेरिकेत साउथ डकोटातले नील्स हॅन्सन उत्तरेकडच्या कडक थंडीसाठी फळझाडे तयार करत होते. सायबेरियातले रानटी लहान सफरचंद उणे ४० अंशांतही तगते, म्हणून ते रक्त त्यांना हवे होते. १८९७ साली रशियातून आणलेल्या बियाण्यातून निघालेले डोल्गो नावाचे क्रॅबॲपल त्यांनी १९१७ मध्ये लोकांना दिले, आणि ते आजही लावले जाते. त्यांची रीत साधी होती: हजारो रोपे उघड्या माळावर लावायची, आडोसा करायचा नाही आणि निवड हिवाळ्यावर सोडायची.

आपल्याकडे हिवाळा कोणाला मारत नाही. आपले परीक्षक वेगळे: चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस, जांभ्याच्या कातळावरची वीतभर माती, मार्च-एप्रिलची धग, समुद्रावरचा खारा वारा, आणि ढगाळ हवा आली की मोहोरावर तुटून पडणारे तुडतुडे आणि भुरी. पहिली दोन वर्षे रोप तगवण्यापुरते पाणी द्या, गुरांपासून राखा, नंतर हात आखडता घ्या. फवारणी निदान निम्म्या रोपांवर करू नका. ज्या वर्षी शेजारच्या हापूसचा मोहोर करपला त्या वर्षी तुमच्या कुठल्या रोपावर कणी (नुकतेच धरलेले बारीक फळ) टिकली, ही नोंद दहा फवारण्यांच्या हिशेबापेक्षा मोलाची.

यातली सगळ्यात सर्रास चूक कल्टारची. हापूस एक वर्षाआड धरतो म्हणून १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान बागेत कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखून मोहोर आणणारे औषध, देतात. गडी ओळीने झाडांच्या आळ्यांत औषध ओतत जातो, त्यात संकरित झाडेही येतात. मग ‘हे झाड दरवर्षी धरते’ असे सांगितले जाते. धरणारच! तो गुण झाडाचा की औषधाचा, हे त्यातून ठरत नाही. निवडीच्या झाडांना कल्टार अजिबात नको, आणि वर्षानुवर्षे कल्टार दिलेल्या जुन्या झाडावर संकरित रोपाचे शेंडे कलमाने बांधून केलेली चाचणीही धरू नये. औषध जमिनीत रेंगाळते.

पहिल्या फळावर निकाल देणे

कोयीचे झाड फळाला यायला सहा ते दहा वर्षे घेते. घाई असेल तर रोप वर्षा-दीड वर्षाचे झाल्यावर त्याच्या काड्या मोठ्या झाडाच्या फांद्यांवर बांधा, काही वर्षे वाचतात. (त्याहून घाई असेल तर काजू करा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बोंडू दिसतो. वेंगुर्ला-४ ही मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातूनच आली.)

पहिल्या बाराचे फळ पाहून कोणतेही मत बनवू नका, चांगलेही नाही. आकार, गोडी, गराचा रंग सगळे पुढे बदलते. तीन-चार हंगाम तरी पाहा, आणि दर वेळी एकाच रीतीने: चौदा आणे तयार झालेले फळ देठासकट काढायचे, गवताच्या आढीत पिकवायचे, निदान वीस-पंचवीस फळे कापायची. साका बाहेरून दिसत नाही. वरून पिवळेधमक, वासाला मस्त, आणि आत कोयीलगत पांढरट भेंड. पाच फळे कापून ‘साका नाही’ म्हणणे म्हणजे स्वतःचीच समजूत काढणे.

एकाच गुणामागे धावणेही टाळा. १९९२ ची सिंधू घ्या, रत्ना आणि हापूस यांच्या संकरातली. कोय पातळ, जवळजवळ नसल्यासारखी. पण फळ हापूसपेक्षा लहान, आणि पेटीला भाव आकारावर मिळतो. शास्त्र म्हणून ती मोठी गोष्ट आहे, बाजार म्हणून नाही.

आणि पिकण्याची वेळ! नीलम मुळात उशिराची जात. तिच्या लेकरांपैकी जे झाड मिरगात पिकते ते कितीही गोड असले तरी किनाऱ्यावर कामाचे नाही. फळमाशी आणि देठकूज त्यातले निम्मे खातात, उरलेले पावसात उतरवायला गडी मिळत नाही. मेच्या मध्यापर्यंत उतरणारे झाड थोडे कमी गोड असले तरी मी तेच राखीन.

एकाच जागी पाहून नाव ठेवणे

देवगडच्या कातळावर आलेले फळ आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या दमट मळ्यातले फळ एकाच झाडाच्या काडीचे असूनही वेगळे निघते. पसंत पडलेल्या झाडाची चार-पाच कलमे निदान दोन-तीन प्रकारच्या जमिनीत लावून, ती फळाला आल्यावरच बोला. तोवर काड्या वाटू नका. गावात एकदा नाव पडले की चुकीची जात मागे घेता येत नाही.

‘हापूस’ या नावाखाली तर ती विकूच नका. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पालघर ते सिंधुदुर्ग पाच जिल्ह्यांसाठी. तुमचा संकर या जिल्ह्यांतला असला तरी तो हापूस नव्हे. स्वतःची जात नोंदवायला २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. झाडांना त्यात १८ वर्षांचे संरक्षण मिळते. त्यासाठी ही जात इतरांपेक्षा वेगळी कशात आहे ते दाखवावे लागते, म्हणजे पुन्हा नोंदवहीच लागते. झाडावरची कागदी चिठ्ठी पहिल्या पावसातच जाते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने नंबर कोरा, तार सैल बांधा, नाहीतर फांदीत रुतते. वहीची एक प्रत घराबाहेर कोणाकडे तरी ठेवा; वाळवीला तुमचे संशोधन कळत नाही.

मूळ झाडाचेही तेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे पन्नास-पन्नास वर्षांची कलमे मुळासकट आडवी झाली. निवडलेले झाड एकुलते एक असेल तर या पावसाळ्यातच त्याच्या काड्या काढून दोन वेगळ्या गावांत बांधून ठेवा.