परभणीत सालसा: लेझमीपासून स्वतःच्या बॅचपर्यंत

"बाई, सालसा शिकायला काय लागतं?" असा फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो, घरात फरशी कोणती? शहाबादी असली तर झालंच काम. फरश्यांची एक सरळ रांग धरायची आणि तिच्याबाहेर पाय जाऊ द्यायचा नाही. सालसा हा जोडीचा नाच, आणि लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या पद्धतीत जोडी अशाच एका पट्ट्यात नाचते. क्युबात एकमेकांभोवती गोल फिरतात, पण ते पुढचं.

लेकराला सहाव्या वर्षी सालसाला घालू नका, असं माझं मत. त्या वयात लेझीम, कथक, मोजून पाय टाकायला लावणारं काहीही चालेल. आमच्या शाळेत १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, लेझीम असायचं. हलगी सुरू झाली की शेजारणीकडे न बघता तिच्याबरोबरच वाकायचं. जोडीने नाचायचे पहिले धडे ते, तेव्हा कुठं कळतंय! पुढे आठ वर्षं कथक झालं. सालसा भेटला तो पुण्यात, कॉलेजला गेल्यावर.

आणि कथकच आडवं आलं. तत्कारात प्रत्येक मात्रेवर पाय पडतो. सालसातही मोजायचं आठच, पण चार आणि आठवर पाऊल नाही. एक-दोन-तीन, थांब. पाच-सहा-सात, थांब. माझा पाय नेमका चारवर पडायचा, तोही धाडकन, घुंगरं बांधल्यासारखा. सुट्टीत घरी आले तेव्हा उपाय सापडला. आई दुपारी आडवी झाली की तिच्या खाटेशेजारी सराव करायचा. ती जागी झाली की समजायचं, चुकलं.

पावलं अशी. जोडीत एक नेतो, दुसरा साथ देतो. नेणाऱ्याने एकला डावा पाय पुढे टाकायचा, दोनला उजव्यावर जागच्या जागी भार घ्यायचा, तीनला डावा परत मध्ये. पाचला उजवा मागे, सहाला डाव्यावर भार, सातला उजवा मध्ये. समोरच्याचं बरोबर उलट, एकला उजवा पाय मागे. पाऊल वीतभरच टाका. आणि कृपा करून कंबर मुद्दाम हलवू नका. वाकवलेल्या गुडघ्यावर पाऊल टाकून, भार घेत तो सरळ केला की ती आपली आपण हलते. गिरकीत कथकवाल्यांनी सांभाळायचं. आपली चक्कर टाचेवर, इथली चवड्यावर. ही सवय मोडायला मला सहा महिने लागले.

पाय बसेपर्यंत कान तयार करा. फानिया रेकॉर्ड्स ही न्यूयॉर्कची कंपनी १९६४ मध्ये निघाली, तिची जुनी गाणी ऐका. त्यात दोन लाकडी दांडक्यांचा 'क्लावे' हा ठेका शोधा. आठ मोजेपर्यंत पाच ठोके, एका भागात तीन, दुसऱ्यात दोन. काही गाण्यांत तो वाजत नाही, तरी बाकीची वाद्यं त्याच्याच धाकात असतात. भाकरी थापताना धरून बघा. नाचायला सुरुवातीला मिनिटाला १६० ते १८० ठोक्यांचं गाणं घ्या. दोनशेच्या पुढचं आत्ताच नको.

कार्यक्रम मिळाला की स्टेज आदल्या दिवशी बघून या. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला स्टेजवर हिरवं मॅटिंग होतं. गिरकीत अंग फिरलं, बूट जागेवरच राहिला, गुडघा तीन आठवडे सुजलेला. तेव्हापासून पिशवीत रुंद चिकटपट्टी असते. मॅटिंग दिसलं की बुटाच्या तळाला, चवड्याखाली, चिकटवायची. तरीही दोन गिरक्या असतील तिथं एकच घ्यायची.

शिकवायचं असेल तर दोन्ही बाजू यायला हव्यात, नेणं आणि साथ देणं. आमच्याकडे बॅचमध्ये चौदा बायका आणि दोन पुरुष, त्यातला एक बायकोला सोडायला आलेला. म्हणून मी बायकांनाच न्यायला शिकवते. दर गाण्याला जोडी बदलते, म्हणजे एकाच्याच चुका अंगवळणी पडत नाहीत. हात कसा धरायचा? एसटीची दांडी धरतो तसा तर नाहीच. बोटांचा सैल आकडा करायचा, अंगठा दाबायचा नाही.

हॉलचं मात्र आधी स्पष्ट बोलून घ्या. एका मंगल कार्यालयात, "जोडीनं नाचतात म्हणे," एवढ्यावर माझी बॅच बंद झाली. डिपॉझिट अजून यायचंय. आता गच्चीवर घेते, सकाळी सहाला. मे महिन्यात साडेसातनंतर तिथं अनवाणी उभं राहता येत नाही.

पहिल्या तासाला कुणाला हात धरायला लावू नका. ओढणीचं एक टोक एकीच्या हातात, दुसरं दुसरीच्या. ओढणी ताणलीही जायला नको आणि जमिनीला टेकायलाही नको, एवढंच सांगायचं. मग गाणं लावायचं.