जुन्या फोटोंमागे नावे कशी लिहावीत

घरात कृष्णधवल फोटोंची पेटी असेल आणि त्यातली माणसे ओळखणारी आजी किंवा आत्या हयात असेल, तर हे काम याच महिन्यात काढा. ओळखणारे शेवटचे माणूस गेले, की चांगला टिकलेला फोटोही बेवारस होतो.

फोटो कडेने धरून मऊ ब्रशने धूळ झटका, मोबाइलवर प्रती काढा. टाचण्या, रबरबँड काढा. चिकटलेला सेलोटेप मात्र ओढू नका.

खरी कसोटी ओळख पटवण्याची. एका बैठकीत दहाच फोटो, तेही सकाळी. अर्ध्या तासानंतर नावांची सरमिसळ होते. "हे कोण?" असे एकदम विचारू नका. आधी जागा विचारा: "आत्या, मागे हौद दिसतोय, हा वाडा कुठला?" जागा आठवली की माणसेही आठवू लागतात. आपण नाव अजिबात सुचवायचे नाही. "हे दादाकाका ना?" म्हटले की थकलेले माणूस हो म्हणून मोकळे होते, आणि चूक कायमची पक्की होते. साल आठवत नसेल तर पुणेकरांच्या हाताशी पानशेत धरण फुटून आलेला पूर आहे: १२ जुलै १९६१. फोटो पुराआधीचा की नंतरचा, हे नारायण-शनिवार पेठांत राहिलेली माणसे सहसा चटकन सांगतात. लग्नपत्रिकेवर नुसता शके असेल तर ७८ मिळवा. माघ-फाल्गुनातले लग्न असेल तर ७९.

मागे नुसते 'आई' किंवा 'ताईमावशी' लिहू नका. कोणाची आई, हे पणतीला कसे कळणार? पूर्ण नाव आणि गाव लिहा. बायकांचे माहेरचे आणि सासरचे, दोन्ही. पूर्वी लग्नात नावही बदलत, त्यामुळे माहेरची यमुना आणि सासरची लक्ष्मीबाई या दोघीजणी समजल्या जातात, असते ती एकच. 'डावीकडून' म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हेही लिहा. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह घाला. कोणी, कधी सांगितले तेही नोंदवा.

बॉलपेन नको. त्याच्या दाबाची रेघ पुढे चेहऱ्यावर उमटते, शाई पसरते. फोटो स्वच्छ काचेवर पालथा ठेवून ६बी पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. प्लॅस्टिकचा थर असलेल्या रंगीत फोटोंवर पेन्सिल उमटत नाही. त्यांच्यासाठी कागदी पाकिटे घ्या, नावे पाकिटावर आधी लिहा आणि मग फोटो आत घाला.

चिकट पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन, दोन्ही टाळा. पेटी माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीलगत ठेवू नका. दर डिसेंबरात, हवा कोरडी असताना, उघडून कसर-बुरशी बघा. प्रतींचा एक संच दुसऱ्या नातेवाइकाकडे द्या.

पेटीच्या तळाशी मोडीतले कागद निघाले, तर रद्दीत घालण्याआधी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवून आणा. असे घरोघरचे कागद जपणारी ही संस्था १९१० पासूनची आहे.